वाकवणारा ताप : बार्शी ते पंचकुला

२००६ सालचा गणेशोत्सव आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. दरवर्षी गणपतीत गावाकडे फोन केला की आरास, मोदक, पाहुणेरावळे यांच्या गोष्टी निघत. त्या वर्षी सोलापूरकडच्या आमच्या घरून एकच उत्तर आले, "अरे, आरतीला उभं कोण राहणार? सगळ्यांचे सांधे धरलेत." घरातील पाच माणसांपैकी चौघे चिकुनगुन्याने आजारी होती. ताप चार दिवसांत उतरला. पण आईला दिवाळीपर्यंत हातात लाटणे धरता आले नाही.

हा कुठला नवाच रोग आला, असे तेव्हा सगळे म्हणत. प्रत्यक्षात तो जुनाच पाहुणा होता आणि त्याच्या येण्याजाण्याच्या इतिहासात महाराष्ट्राची काही पाने आहेत.

या आजाराची पहिली नोंद १९५२-५३ साली आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियात झाली. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतला हा शब्द. अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. सांधेदुखीने कमरेत वाकलेला रोगी पाहून पडलेले हे नाव. आपल्याकडे मात्र २००६ मध्ये नावातल्या 'चिकन'ने घोटाळा केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू होऊन गेला होता. त्यामुळे कोंबडी खाल्ल्याने हा ताप येतो, असा समज पसरला. कोंबडीचा आणि या विषाणूचा काहीही संबंध नाही. तो पसरवतो एडिस जातीचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास. डेंग्यूही त्याच्यामुळेच होतो.

भारतात चिकुनगुन्याची पहिली मोठी साथ १९६३ साली कलकत्त्यात आली. १९६४ मध्ये मद्रास, १९६५ मध्ये आंध्रचा किनारा आणि आपले नागपूर. मग १९७३ साली बार्शी. १९७२ च्या दुष्काळानंतरचे ते वर्ष. पाण्याची ओढ असलेल्या त्या मुलखात रांजण, हौद, पिंपे भरून ठेवणे ही घरोघरची रीत. आणि एडिसला अंडी घालायला असेच साठवणीचे पाणी लागते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत बार्शीत सुमारे ३७.५ टक्के लोकांना हा आजार झाल्याचे आढळले. म्हणजे दर आठ माणसांत तिघे!

१९५२ साली सुरू झालेल्या या पुण्याच्या केंद्राला १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले.

बार्शीनंतर सुमारे बत्तीस वर्षे मोठी साथ आली नाही. एकदा आजार झालेल्या माणसाला सहसा तो पुन्हा होत नाही. मात्र या काळात एक अख्खी पिढी अशी वाढली, जिच्या शरीराला या विषाणूची ओळखच नव्हती. दरम्यान विषाणूनेही रूप पालटले होते. १९६३ ते ७३ च्या साथींतला विषाणू आशियाई वंशाचा होता. २००५-०६ मध्ये आला तो आफ्रिकी वंशाचा. विशेष म्हणजे, पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांत सापडलेला विषाणूही याच आफ्रिकी वंशाचा असल्याचे पुढे तपासणीत दिसून आले. साथीच्या पाच वर्षे आधीच पाहुणा दारात येऊन उभा होता!

२००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांतले अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते.

या तापाने सहसा माणूस दगावत नाही, म्हणून तो किरकोळ समजला गेला. पण अंगमेहनतीवर पोट असलेल्याला विचारा! मनगटे, बोटे, घोटे, गुडघे सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात; काहींची, विशेषतः वयस्कर आणि आधीपासून संधिवात असलेल्यांची, दुखणी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे रेंगाळतात. हंगामात विळा धरता न आलेल्या हाताचे नुकसान मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही. या विषाणूवर खास औषध आजही नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल हाच उपचार. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता इथले पाहू. २०१६ मध्ये दिल्ली-हरियाणाकडेही चिकुनगुन्याची साथ आली. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूर पुन्हा त्याच्या तडाख्यात सापडले. बार्शीचे रांजण इथे नाहीत, पण आपल्या प्रत्येक सेक्टरात खिडकीखिडकीला कूलर आहेत. पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो. तळातले पाणी मात्र तसेच राहते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, आतून घासून, वाळवायला हवी. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरची टाकीही पाहावी.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी आपण घर झाडून-पुसून घेतोच. त्यातच कूलरची टाकीही घासून टाकावी. गावाकडे फोन केल्यावर आरतीला उभे राहायला घरात माणसे असावीत, एवढेच मागणे. इथेही आणि तिथेही.