काळ्या पाषाणाची जन्मनोंद

धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांस विचारले, "फादर, आपले डोंगर साडेसहा कोटी वर्षांचे आहेत असे शाळेत शिकवतात. मग उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस कोणते?" मुलाचा प्रश्न निर्मळ होता, पण दाराशी उभे असलेले पालकही उत्तराकडे कान लावून होते. एवढी कोट्यवधी वर्षे कोणी मोजली, त्यांना नावे कोणी दिली, हे आधी समजून घेतले तरच त्याला प्रामाणिक उत्तर देता येईल, असे आम्हांस वाटले.

ठाण्याहून कर्जतच्या गाडीत बसावे. आधी मुंब्र्याचा डोंगर लागतो, कल्याण मागे पडल्यावर मलंगगड दिसतो आणि नेरळला माथेरानची रांग उभी राहते. या साऱ्या डोंगरांना जणू पायऱ्या पाडल्या आहेत. भूमीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर साचला, आणि पुढे ते थर कमीअधिक झिजून या पायऱ्या झाल्या. जिन्याला स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणतात. त्यावरूनच या खडकास 'दख्खन ट्रॅप' हे नाव पडले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापला आहे. अंबरनाथचे इ. स. १०६० मधील शिवालय याच काळ्या पाषाणाचे आहे.

असे थर वाचण्याचा पहिला नियम ज्याने घालून दिला, तो पुढे आपल्या ख्रिस्तसभेचा बिशप झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. नील्स स्टेन्सेन, म्हणजेच निकोलस स्टेनो, यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे लुथरन घरात झाला. फ्लॉरेन्समध्ये १६६७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. दोनच वर्षांनी प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात त्यांनी सांगितले की, थर एकावर एक रचले जात असतील तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. १६७५ साली ते धर्मगुरू झाले व १६७७ साली बिशप. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना 'धन्यवादित' घोषित केले. थरांचा क्रम स्टेनोंनी लावला. वर्षे मात्र त्यांनी कोटींत मोजली नाहीत. तस्कनी प्रांताच्या थरांचा मेळ ते नोहाच्या जलप्रलयाशी घालू पाहत होते. कोट्यवधी वर्षांचा हिशेब पुष्कळ नंतरचा. तो खनिजांतील किरणोत्सारी द्रव्यांच्या क्षयावरून मांडला जातो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील अभ्यासकांनी काळाचे कल्प, युगे व टप्पे पाडले. एखादा टप्पा जेथील खडकांत प्रथम नीट ओळखला गेला, त्या स्थळाचे वा प्रदेशाचे नाव त्यास देण्याची रीत पडली. बेल्जियमच्या आंद्रे द्युमाँ यांनी १८४९ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहरावरून 'मास्ट्रिख्टियन' हे नाव दिले. त्यानंतरच्या टप्प्याचे 'डेनियन' हे नाव एदुआर देसोर यांनी १८४७ सालीच सुचवले होते. ते डेन्मार्कवरून, म्हणजे स्टेनोंच्याच जन्मभूमीवरून आले. मास्ट्रिख्टियनच्या अखेरीस डायनोसॉर लोपले.

पण नाव दिल्याने सीमा ठरत नाही. एका देशात टप्पा जेथे संपतो असे मानावे, तेथे दुसऱ्या देशात तो संपत नसे. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या प्रारंभासाठी जगातील एकच स्थळ मतदानाने मुक्रर करण्याची पद्धत आली. डेनियनचा प्रारंभ १९९१ साली ट्युनिशियातील एल केफ येथे, इरिडियमयुक्त चिकणमातीच्या थराच्या तळाशी निश्चित झाला. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. आम्हांस येथे धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची आठवण होते. नाव, स्थळ, साक्षीदार, सारे लिहिलेले असते. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावे.

आपल्या डोंगरांचीही अशीच नोंद झाली आहे. १९८० च्या दशकात पवईच्या आय. आय. टी.तील के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आदी संशोधकांनी खडकांची रासायनिक ओळख पटवून सह्याद्रीचे थर वेगळे केले. त्यांना नावे मिळाली ती आपल्याच गावांची: तळाशी जव्हार, मग इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, त्यांवर खंडाळा, आणि आणखी वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही नावे खडकांच्या थरांची आहेत, काळाच्या टप्प्यांची नव्हेत. लाव्ह्याचा बहुतेक उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपला, आणि मास्ट्रिख्टियन-डेनियन सीमा त्याच्या मधूनच जाते. नेमकी कोणत्या थरात, यावर मतभेद आहेत. २०१९ साली दोन संशोधकगटांनी एकाच वेळी आपापली कालगणना प्रसिद्ध केली. उद्रेकाचा वेग केव्हा वाढला याविषयी त्यांचे एकमत झाले नाही.

तर त्या मुलाला काय सांगावे? संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले की, उत्पत्तीचे दिवस आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताचे दिवस समजू नयेत. सृष्टी कोणाची, हे पवित्र शास्त्र सांगते. ती कोणत्या क्रमाने घडली, हे थर सांगतात. स्टेनोंनी दोन्ही ग्रंथ वाचले, आणि एक वाचताना दुसरा मिटला नाही.

शेवटी एक काळजी. नोंदवहीचे पान फाडले तर नावापाशी साक्ष उरत नाही. आपल्या जिल्ह्यातील टेकड्या खडीसाठी रोज सुरुंगाने फुटत आहेत. घरे आपल्यालाच हवी आहेत, ती खडी आपल्याच भिंतींत जाते. तेव्हा बोट कोणा एकाकडे दाखवता येत नाही. तरीही खाणीत उघड्या पडलेल्या कातळापाशी मुलांना एकदा नेऊन उभे करावे आणि खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढे तरी दाखवावे. आम्ही त्या मुलाला पावसाळा संपताच नेरळला नेण्याचे कबूल केले आहे.