कंटेनर : आज्ञावली-बांधणीच्या एका साधनाचा पूर्वेतिहास

आज्ञावली व तिची सामग्री बंदिस्त परिसरात ठेवून चालविण्याच्या 'कंटेनर' तंत्राचा इतिहास बहुधा २०१३ सालच्या डॉकरपासून सांगितला जातो. त्यामुळे या तंत्राचा आरंभीचा हेतू झाकला जातो. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' ही सुविधा होती. एखाद्या प्रक्रियेला ठरावीक निर्देशिका हेच संपूर्ण फाइलविश्व भासावे, एवढेच तिचे कार्य. १९८२ मध्ये बर्कली येथे बिल जॉय यांनी ती बीएसडी युनिक्समध्ये आणली, ती आगामी आवृत्तीची बांधणी व स्थापना तपासण्यासाठी, असे सांगितले जाते. चालू प्रणालीला धक्का न लावता नवी प्रणाली रचून पाहता येई. कैदखान्याची कल्पना नंतरची; फ्रीबीएसडीतील 'जेल' (२०००) हे नावच बोलके आहे.

स्वतः गो भाषेत लिहिलेल्या डॉकरमध्ये २०१७ साली बहुटप्पी बांधणीची सोय आली. गो भाषेतील आज्ञावली एका कंटेनरमध्ये संकलित करावी आणि सिद्ध झालेली स्वयंपूर्ण फाइल तेवढी दुसऱ्या, जवळजवळ रिकाम्या कंटेनरमध्ये न्यावी; संकलक मागेच राहतो. जॉय यांच्या प्रयोगाशी याचे नाते जेलपेक्षा निकटचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र असे कंटेनर यजमान प्रणालीच्या एकाच कर्नलवर चालतात. त्यामुळे 'सर्वत्र सारखेच चालते' हे विधान वर्गात या मर्यादेसहच मांडावे लागते.