वाटाड्याच्या मागे : जंगलफेरीचा एक इतिहास

निसर्ग आणि भूमी यांच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या संस्थांच्या वार्षिक मेळाव्यांचा एक ठरलेला रिवाज असतो. पहाटे जाणकाराबरोबर जंगलफेरी, परतल्यावर चहा-नाश्ता, मग उद्घाटन, व्याख्याने आणि शेवटी ठराव. फेरी ही हौस आणि मंडपातले कामकाज हे खरे काम, अशी आपली समजूत असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना ही समजूत डळमळू लागते. जंगल कोणाचे, या प्रश्नाच्या निकालात येथे पायी फिरण्याचा वाटा फार मोठा आहे. म्हणून कोण फिरले, वाट कोणी दाखवली आणि पाहिलेल्याची नोंद कोणी ठेवली, हे प्रश्न आम्हांला विचारावेसे वाटतात.

पहिली मोठी पायपीट सरकारी होती. आजचे दोन्ही जिल्हे तेव्हा मध्य प्रांतातील एकच चांदा जिल्हा होते. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, जंगलाचे कक्ष पाडून त्यांना क्रमांक मिळाले, कोणता कूप कधी तोडायचा याच्या योजना झाल्या. पाणी कुठे आहे, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यातही ओल राहते, हे सांगायला गावचा माणूस लागेच. त्याच्यापाशी डोंगराला, नाल्याला, देवाच्या झाडाला नावे होती. कारभार चालला तो कक्षांच्या क्रमांकांवर. एकाच जंगलाच्या अशा दोन भाषा झाल्या आणि त्यांतली एकच दप्तरात गेली.

दप्तराच्या भाषेचे परिणाम केवळ शाब्दिक नव्हते. १९२७च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. कायद्याने त्याला झाड ठरवल्यामुळे तो सरकारी इमारती लाकडाच्या पंगतीत बसला. पुढे गडचिरोलीचा बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याकडे जाऊ लागला आणि टोपल्या विणणाऱ्या, घरे शाकारणाऱ्या गावाच्या वाट्याला निस्तारापुरती सवलत उरली. एका व्याख्येत किती माणसांचे जगणे अडकते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे पाहावे.

वाटाड्याला मराठी लेखनात मानाचे पान मिळाले ते मुख्यतः मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्यामुळे. ते वनखात्याचे अधिकारी होते. तरीही त्यांच्या लेखनात आदिवासी, ढीवर, पारधी, गुराखी हे ज्ञान देणारे म्हणून येतात. पक्ष्यांची, झाडांची, जंगलातल्या वेळांची त्यांची शब्दकळा या माणसांच्या मागून चालताना जमलेली आहे. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ही शब्दकळाही त्या व्यासपीठावर पोहोचली. तथापि पुस्तकात आलेले ज्ञान आणि जंगलावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी होत. दुसरी गोष्ट अद्याप व्हायची होती.

ती मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातील गोंड गावात झाली. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध १९८०च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्या काळातील जागृतीतून देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने, 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, स्वशासनाची एक रीत घडवली. निर्णय सर्वसहमतीने आणि ग्रामसभेत. त्याआधी अभ्यासगटात चर्चा. बाहेरचा जाणकार अभ्यासगटात येऊन बोलू शकतो, पण निर्णय करू शकत नाही. मध काढताना पोळ्याचा नाश होऊ नये, या विचाराने मधमाशीचा अभ्यास झाला आणि त्यातून अहिंसक पद्धत रुजली. शिकणारा आणि शिकवणारा यांच्या जागा येथे सारख्या बदलतात. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकामुळे ही हकीकत मराठी वाचकांना परिचित आहे.

या तयारीचा कस लागला तो २००६च्या वनहक्क कायद्यानंतर. सामूहिक हक्काचा दावा करायचा, तर गावाला आपली पारंपरिक सीमा दाखवावी लागते. वनहक्क समितीने जागेवर जाऊन पडताळणी करायची असते. २००८च्या नियमांनी पुराव्यांच्या यादीत विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांना जागा दिली, तसेच वडीलधाऱ्यांच्या लेखी उतरवलेल्या कथनालाही. आम्हांला ही बाब वाङ्मयीन दृष्ट्याही मोठी वाटते. जी नावे आणि आठवणी दप्तराबाहेर राहिल्या होत्या, त्या आता पुरावा म्हणून दप्तरात शिरल्या. म्हातारा पुढे चालतो, देवाच्या झाडापाशी थांबून सांगतो आणि गावातला शिकलेला मुलगा लिहून घेतो, अशा फेरीला या नियमांनी कायद्याचे बळ दिले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते, तरी वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर पेच पडला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले.

शेजारच्या ताडोबात फेरीने वेगळे वळण घेतले. ज्या तारू नावाच्या गोंड वीरावरून हे नाव आले असे मानतात, तो वाघाशी झुंजताना पडला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचे ठाणे असून तेथे पौषात यात्रा भरत असे. मुलखातील माणसांचे ते जुने वार्षिक संमेलनच. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाल्यावर येथे पायी फिरण्यावर बंधने आली. आज पर्यटक जिप्सीत बसतो, स्थानिक तरुण गाईड म्हणून वाघ दाखवतो. वाघ टिकायला ही शिस्त हवी आणि त्या तरुणाला रोजगारही हवा. पण मोह आणि तेंदूपाने वेचणारी माणसे याच जिल्ह्यात उन्हाळ्यात वाघाच्या हल्ल्यात दगावतात. त्यांना जिप्सी नसते. जंगल पाहणे आणि जंगलात जगणे यांतले अंतर येथे प्राणांत मोजावे लागते.

या इतिहासाने संमेलनातल्या फेरीवर काही जबाबदारी टाकली आहे. वाटाड्या जेथे थांबेल तेथे थांबावे, त्याने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चारात लिहावे, आणि ती वही परत जाताना ग्रामसभेला द्यावी. मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना अशा फेरीला अवश्य न्यावे. मौखिक परंपरेचा धडा वर्गात शिकवता येतो. तिच्या आधारे गावाला आपले जंगल कसे परत मिळाले, हे मात्र त्या सीमेवरून चालतानाच नीट कळेल.