मलिक बद्री : ईमान आणि इलाज दोन्ही सांभाळणारे थेरपिस्ट

घरात कुणाला ताप आला तर आपण लगेच दवाखाना गाठतो. पण कुणाला रात्र रात्र झोप लागत नाही, जीव घाबरतो, एकच विचार डोक्यातून जात नाही, तर पहिला प्रश्न येतो, ‘नमाज नीट पढतोस ना?’ प्रश्न चुकीचा नाही. पण बऱ्याचदा इलाज तिथेच थांबतो. ही कोंडी फोडण्यासाठी आयुष्यभर काम केलेल्या सुदानच्या एका मानसशास्त्रज्ञाची ओळख आम्ही इथे करून देत आहोत.

घराणं आणि शिक्षण

प्रा. मलिक बद्री यांचा जन्म १९३२ साली सुदानमधल्या रुफाआ गावी झाला. त्यांचे वडील शेख बाबिकर बद्री यांनी १९०७ मध्ये याच गावात मुलींची शाळा काढली आणि सुरुवात स्वतःच्या लेकींपासून केली. मलिक यांनी बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातून बी.ए. (१९५६) आणि एम.ए. (१९५८) केलं. १९६१ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. पुढे लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये रुग्णांवरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलं.

कामाची वाट

बद्री साहेब शिकवतही होते आणि रुग्णही बघत होते. त्यांचा भर वर्तनोपचारावर, म्हणजे बिहेवियर थेरपीवर होता. यात माणसाला ज्या गोष्टीची भीती वाटते तिची सवय टप्प्याटप्प्याने करून देतात.

फ्रॉइडने धर्माला एक प्रकारचा मनोविकार ठरवलं होतं. हे विचार तपासून न बघता आपल्या रुग्णांवर लादणं बद्रींना मान्य नव्हतं. १९७५ मध्ये अमेरिकेत मुस्लिम समाजशास्त्रज्ञांपुढे त्यांनी निबंध वाचला. आंधळं अनुकरण करत घोरपडीच्या बिळातही शिरणाऱ्यांबद्दलच्या हदीसवरून त्याचं नाव होतं. त्यातूनच १९७९ चं ‘द डिलेमा ऑफ मुस्लिम सायकॉलॉजिस्ट्स’ हे पुस्तक आलं. पण त्यांनी पाश्चात्त्य मानसशास्त्र सगळंच फेकून दिलं नाही. उपयोगी पडणारं तंत्र घ्यावं, न पटणारं तत्त्वज्ञान सोडावं आणि रुग्णाच्या श्रद्धेचा उपचारात आधार घ्यावा, ही त्यांची भूमिका.

जुना वारसा

अबू झैद अल-बल्खी (८५० ते ९३४) या विद्वानाने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला होता. भीती, राग, उदासी आणि वसवसा यांवर त्यात वेगवेगळे उपाय आहेत. त्यातल्या मनाच्या भागाचा बद्रींनी इंग्रजी अनुवाद केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मनाचा इलाज ही आपल्याला परकी गोष्ट नाही. मलेशियातल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्वालालंपूरला त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी काय?

दुआ आणि थेरपी यांत भांडण नाही. घरातल्या मुलामुलीला या क्षेत्रात जायचं असेल तर नाउमेद करू नका. रुग्णाची भाषा आणि घरची रीत जाणणारे थेरपिस्ट आपल्याकडे हवेतच. मात्र भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिला मान्य असलेलाच अभ्यासक्रम निवडा, आणि इलाजासाठी जातानाही नोंदणी विचारून घ्या.

आज कुणाला मदत हवी असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.