कष्टाचे शरीर आणि भौतिकोपचाराची विद्या



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गड, लढाया आणि राजघराणी डोळ्यांपुढे उभी राहतात. आपल्या जव्हारला तर मुकणे घराण्याचा कित्येक शतकांचा वारसा आहे. १९४८ साली हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्या वारशाविषयी मला आदर आहे. परंतु माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते ग्रंथालयांतून आणि माणसांकडून. त्यामुळे मजुराच्या पाठीचा आणि गुडघ्याचा इतिहास मला अधिक जवळचा वाटतो. त्या पाठीशी आणि गुडघ्याशी नाते असलेल्या एका विद्येविषयी आज बोलावयाचे आहे. सरकारी कागदांवर तिला भौतिकोपचार म्हणतात; लोक तिला फिजिओथेरपी या नावाने ओळखतात. तिची पदवी कशी निर्माण झाली आणि जव्हार-मोखाड्याशी तिचा संबंध काय, एवढाच आजचा विषय.

पुष्कळांची अशी समजूत असते की, ही विद्या म्हणजे सुधारलेली मालिश. समजूत अगदीच निराधार नाही. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची राष्ट्रीय संस्था काढली, तेव्हा त्याने व्यायाम आणि मर्दन यांना शिस्त लावली. पुढे लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली भलतेच धंदे चालू लागले आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायकांची बदनामी होऊ लागली. तेव्हा १८९४ साली चार परिचारिका एकत्र आल्या, त्यांनी आपला संघ काढला, शिक्षणाचे आणि परीक्षेचे नियम ठरविले. १९२० साली त्या संघाला राजसनद मिळाली. संघटनेत काम करणाऱ्या माणसाला या हकिकतीचे विशेष वाटते. आपल्या हातांच्या कामाची अब्रू राखण्यासाठी कामकरी स्त्रियांनी संघ बांधला आणि त्यातून एक विद्या प्रतिष्ठित झाली.

पहिल्या महायुद्धाने लाखो तरुण लुळेपांगळे करून घरी पाठविले आणि युरोप-अमेरिकेत या विद्येची गरज सर्वांना पटली. आपल्याकडे ती पटविली पोलिओने. स्वातंत्र्यचळवळीतील एक कार्यकर्त्या फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारांसाठी केलेल्या धडपडीतून त्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. या बाई जन्माने अमेरिकन, विवाहाने निंबकर. व्यवसायोपचार ही भौतिकोपचाराची सख्खी बहीणच. १९५२ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि पुढच्याच वर्षी, १९५३ साली, केईएममध्ये भौतिकोपचाराची देशातील पहिली शाळा निघाली. केंद्र सरकार, मुंबई सरकार, महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना अशा चौघांचा तीत हात होता. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारकांचा संघ स्थापन झाला आणि त्याच साली हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली.

आरंभी पदविका होती, पुढे विद्यापीठाची पदवी आली. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले. तेथील पदवीचा क्रम चार वर्षांचा, आणि त्यावर सहा महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे, असा राहिला. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, हालचालींचे शास्त्र आणि विद्युतोपचार; शेवटच्या वर्षी हाडे व स्नायू, मज्जासंस्था, हृदय व फुफ्फुसे, आणि सामुदायिक भौतिकोपचार. विद्यार्थ्याला प्रत्येक स्नायू कोठून निघतो व कोठे जोडला जातो हे पाठ असावे लागते. पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा उभे कसे करावे, गुडघा न दुखविता उठावे कसे, हे सारे त्याला हाताने करून दाखवावे लागते. व्यवसायाची नोंद ठेवणारी परिषद राज्याच्या २००२ च्या कायद्याने आणि राष्ट्रीय आयोग २०२१ च्या कायद्याने आला. म्हणजे पहिली शाळा निघाल्यापासून देशपातळीवरील कायद्यापर्यंत अडुसष्ट वर्षे लागली.

या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. ज्या शरीराची समाजाने मोजदाद केली, त्या शरीरासाठी ही विद्या धावून आली. युद्धात सैनिकाचे शरीर मोजले गेले; साथीत शहरातील मुलाचे मोजले गेले; गिरणीकामगाराने लढून आपले मोजायला लावले. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने अंगठा गेला तर मिळकतीच्या शक्तीची हानी किती टक्के, याचा हिशेब मांडला. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला औषधोपचार दिला. परंतु दिवाळीनंतर घराला कडी घालून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकऱ्याचे काय? हंगामी कारखाने त्या विमा कायद्याच्या बाहेरच ठेवले होते. भट्टीवर त्याची कंबर धरली, तर त्याची नोंद कोणत्या वहीत होते?

आपल्या दोन तालुक्यांत शरीर हेच भांडवल आहे. आवणीत दिवसच्या दिवस वाकून उभे राहायचे, डोंगरउतारावर नागली-वरई करायची, लाकडाची मोळी आणायची. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवरील बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले आणि ते पाणी मुंबईला गेले. पाण्याला मुंबईची वाट सापडली; मुंबईत सत्तर वर्षे शिकविल्या जाणाऱ्या या विद्येला मात्र पाड्याची वाट अजून नीट सापडलेली नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्या पालघरमध्येच. जन्मतः वाकडे पाऊल, उशिरा होणारी वाढ, अशा मुलांना शोधून काढावे आणि जिल्ह्याच्या केंद्रात भौतिकोपचारकानेही त्यांना पाहावे, अशी ती योजना. वाकडे पाऊल जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हाती आले, तर दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते बहुधा सरळ करता येते. मग काही वर्षे झोपताना पट्ट्याचे बूट. उपाय स्वस्त आहे. परंतु दर आठवड्याला मूल कडेवर घेऊन विक्रमगड, मनोर करीत पालघर गाठायचे म्हणजे प्रत्येक खेपेला एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आई थांबते. आपण तिला अडाणी म्हणतो. तिच्या रोजाचा हिशेब मांडला तर तो शब्द तोंडातून निघणार नाही.

भलती आशाही लावू नये. १९९२-९३ साली वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला जव्हारचे नाव ठाऊक झाले. उपाशी मुलाच्या स्नायूंना व्यायाम काय देणार? भाकरीची जागा कोणतीही विद्या घेऊ शकत नाही. आधी पोट, मग पाठ, हा क्रम सोडून चालणार नाही.

तरीही ही पदवी आपल्या मुलामुलींनी घ्यावी असे मी आग्रहाने म्हणतो. पाठ्यपुस्तकातील रुग्ण बहुधा पलंगावर झोपतो आणि खुर्चीवर बसतो. आपला रुग्ण जमिनीवर निजतो, उकिडवा बसतो, शेताच्या बांधावरून चालतो. त्याला काय झेपेल हे वारली किंवा कोकणी घरात वाढलेल्या मुलीला अधिक चांगले कळेल, आणि ती ते त्याच्या बोलीत सांगेल. यासाठी बारावीला जीवशास्त्र हवे, प्रवेशपरीक्षेची तयारी हवी, शहरात राहण्याची सोय हवी. अनुसूचित जमातींसाठी राज्यात सात टक्के जागा राखीव आहेत. पण आश्रमशाळेतील मुलीला या पदवीचे नावच ऐकू आले नाही, तर त्या जागेचा तिला उपयोग काय?

म्हणून या गावातील सुशिक्षितांकडे माझे मागणे आहे. आश्रमशाळांत जाऊन ही वाट सांगा. पतंगशाह कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या रुग्णालयात ही सेवा रोज आणि कायम मिळावी, शिकून आलेल्या आपल्या मुलांना तेथे कायम नेमणूक मिळावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करा. लंडनच्या त्या चार परिचारिकांना सनद कोणी आपण होऊन आणून दिली नव्हती; त्यांना सव्वीस वर्षे लागली. आपण निदान पहिला ठराव तरी या उन्हाळ्यात लिहून टाकू.