परिहार सेवेची गुणवत्ता कशी ओळखावी (नाशिक जिल्हा)

बरा होण्याची शक्यता न उरलेल्या आजारात वेदना, धाप, मळमळ, चिघळलेल्या जखमा, उडालेली झोप आणि मनाची तगमग कमी करण्यासाठी रुग्णाला व त्याच्या घरच्यांना दिली जाणारी सेवा म्हणजे परिहार सेवा. तिलाच उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. अखेरच्या दिवसांत रुग्णाला ठेवून घेणारे शुश्रूषागृह म्हणजे हॉस्पिस. अशी सेवा देणारी संस्था चांगली आहे की नाही हे घरच्यांनी कशावरून ठरवावे, याचा नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात येथे विचार केला आहे.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानतात. वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात भीती, पैशाची चिंता आणि मागे राहणाऱ्यांची काळजीही असते, हा त्यांचा विचार पुढे जगभर मान्य झाला. भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच, मुंबईच्या वांद्र्यात १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केले : शांती आवेदना सदन. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून सिप्ला परिहार सेवा व प्रशिक्षण केंद्र रुग्णांना विनामूल्य सेवा देत आले आहे. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे राज्य धोरण स्वीकारले आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने हे काम जिल्हा पातळीवर नेण्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रारंभी निवडलेल्या जिल्ह्यांत नाशिक होता.

ही निवड प्रयोगाची कसोटी पाहणारी होती. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर, तालुके पंधरा. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, कर्करोगाची खाजगी रुग्णालये आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही १९९८ पासून इथेच आहे. पण सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावरचा रुग्ण केमोथेरपी थांबल्यावर घरी जातो, तेव्हा तिथे यातले काहीच त्याच्या हाताशी नसते. त्यामुळे इथे संस्थेची पारख खाटांच्या संख्येवर करता येत नाही. शहरातले सुंदर हॉस्पिस आणि पेठच्या ग्रामीण रुग्णालयातून आठवड्याला एकदा दुचाकीवर जाणारी परिचारिका यांत कोणाची सेवा सरस, हे रुग्णाच्या घरी रात्री काय घडते त्यावर ठरते. या नोंदीतल्या बाकी सगळ्या खुणा याच एका गोष्टीच्या आधाराने वाचाव्यात.

पहिली खूण मॉर्फिनची. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या वेदनाशमनाच्या शिडीत ते वरच्या पायरीवर आहे. भारतात अफूची अधिकृत शेती होते, तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर हे औषध दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले, कारण ते ठेवायला एकाहून अधिक खात्यांचे निरनिराळे परवाने लागत आणि चूक झाल्यास कैदेची भीती असे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. म्हणून संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न सरळ आहे : तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, आणि गेल्या वर्षभरात त्या कधी संपल्या होत्या का? भारतीय परिहार सेवा क्षेत्राने तयार केलेल्या मानकांत अत्यावश्यक आणि अपेक्षित असे दोन भाग आहेत. खंड न पडता मॉर्फिन मिळणे त्यांतल्या अत्यावश्यक भागात येते. जिथे मॉर्फिन नाही तिथे प्रेमळ माणसे असतील, भजनही होत असेल, पण तीव्र वेदनेच्या रुग्णासाठी ती परिहार सेवा अपुरीच समजावी.

औषध असून भागत नाही, ते कसे दिले जाते तेही पाहावे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून ती ‘दुखेल तेव्हा’ घ्यायची नसते. घड्याळ लावून, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपमोड होऊ नये म्हणून दहाला दुप्पट, अशी घ्यायची असते. मधेच कळ उठली तर जादा गोळी किती घ्यायची, हे आधीच लिहून दिलेले असावे. मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेलीच असते, त्यामुळे त्याच कागदावर पोट साफ होण्याचे औषध हवे. मॉर्फिन लिहिले आणि जुलाबाचे औषध लिहिले नाही, अशी चिठ्ठी दिसली की लिहिणाऱ्याचे या विषयातले प्रशिक्षण कच्चे आहे असे खुशाल समजावे. ही एक ओळ तपासायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. चांगली परिचारिका वाचता न येणाऱ्या आजीसाठी औषधाच्या पाकिटांवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र अशी चित्रे काढून देते आणि निघण्यापूर्वी आजीकडूनच सगळे परत वदवून घेते. सुनेला किंवा मुलाला सांगून मोकळे होणे सोपे असते. पण रात्री उशाशी बसणारी व्यक्ती ही आजीच असते.

वेदना विचारली जाते का, आणि विचारून लिहिली जाते का, ही दुसरी खूण. शून्य ते दहा या मापाने वेदना, थकवा, मळमळ, धाप, भूक, उदासी वगैरे नऊ तक्रारी नोंदवण्याची एडमंटन मापनपद्धती १९९१ पासून वापरात आहे. पाड्यावर दहाचा आकडा निरर्थक वाटला तर रुपयात चार आणे दुखते की बारा आणे, असे विचारले तरी चालते. माप कोणते यापेक्षा औषध बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारले का, हे महत्त्वाचे. कार्डावर पहिल्या भेटीत ‘९’ लिहिलेले आणि पुढे महिनाभर रकाना कोरा, असे असेल तर कार्ड कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असो, ती सेवा कागदोपत्रीच आहे.

महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. त्यांच्या गालावरची किंवा मानेवरची जखम बाहेर फुटते, तिला वास येतो, पावसाळ्यात माश्या बसून किडे पडतात. वेदनेइतकाच या वासाने माणूस खचतो. नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत, ताट दाराबाहेर ठेवले जाते, शेजारी उंबऱ्यावरूनच विचारपूस करून जातात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती भुकटी जखमेवर टाकली तर वास पुष्कळ कमी होतो. किडे काढायला टर्पेंटाइन वापरतात. दोन्ही वस्तू स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या आहेत. घरी येणारे पथक जखम स्वतः उघडून धुते आणि घरातल्या कोणाला तरी ते काम हाताला धरून शिकवते, की पट्टी न सोडता वरूनच पाहून जाते? गुणवत्तेचा निवाडा करायला हे एकच दृश्य पुरेसे ठरू शकते. मानेवरच्या जखमेतून एखाद्या दिवशी एकाएकी पुष्कळ रक्त जाण्याचा संभव असतो. अनुभवी परिचारिका घरच्यांना बाजूला घेऊन हे आधी सांगते आणि गडद रंगाची जुनी चादर खाटेजवळ घडी करून ठेवायला लावते. गडद कापडावर रक्त कमी दिसते आणि रुग्णही, घरचेही कमी घाबरतात. ही चादर कोणी ठेवायला सांगितली असेल, तर त्या सेवेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाठीच्या जखमा, म्हणजे बेडसोअर, होऊ न देणे हे औषधापेक्षा हाताचे काम आहे : दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीच्या सुरकुत्या काढणे, ओलावा टिपणे. निवासी हॉस्पिस पाहायला गेल्यास स्वागतकक्षात फार वेळ घालवू नये. परवानगी घेऊन खाटांजवळ जावे, तोंडाची स्वच्छता कशी ठेवतात ते विचारावे, लघवीचा वास येतो का ते पाहावे आणि रात्रपाळीला किती परिचारिका असतात ते विचारावे.

त्यानंतर फोन. घरी राहणाऱ्या रुग्णाची अवस्था बहुधा रात्रीच बिघडते. रात्री दोनला धाप लागली तर कोणत्या क्रमांकावर कोण बोलेल, आणि उचलणाऱ्याला हा रुग्ण माहीत असेल का, याचे उत्तर नाव नोंदवण्याआधी मिळाले पाहिजे. उत्तर ‘जवळच्या रुग्णालयात दाखल करा’ एवढेच असेल, तर ते कुटुंब अखेर रुग्णवाहिकेतून अतिदक्षता विभागात पोहोचते आणि ज्यासाठी परिहार सेवा घेतली तेच हातचे जाते. दुर्गम तालुक्यांत प्रत्येक वेळी डॉक्टर पोहोचणे अशक्य आहे. म्हणून तिथे आशा कार्यकर्ती, परिचारिका आणि उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी यांना कितपत तयार केले आहे, ते पाहावे. आयुष्मान भारत योजनेत प्राथमिक आरोग्याच्या बारा सेवांत वृद्धांची व परिहार सेवा समाविष्ट आहे, म्हणून उपकेंद्राकडे ती मागण्यात संकोच बाळगू नये.

आपल्याकडे घरचे डॉक्टरांना दारातच अडवून सांगतात, ‘त्यांना काही सांगू नका.’ यामागे माया असते. पण चांगले पथक घरच्यांशी भांडतही नाही आणि रुग्णाशी खोटेही बोलत नाही; रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच हळूच विचारते. रुग्णाला बहुधा पुष्कळ कळलेले असते आणि त्याला शेताच्या कागदांवर सह्या करायच्या असतात किंवा रुसलेल्या भावाला भेटायचे असते. कृत्रिमरीत्या जीव लांबवणारे उपचार नकोत, असे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता असे इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. याची माहिती संस्था आपणहून देते का, हेही विचारात घ्यावे.

पैशाचे बोलणे मोकळेपणी व्हावे. महाराष्ट्रात रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे आणि २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नाशिक शहरात नोंदणी महानगरपालिकेकडे असते. धर्मादाय म्हणवणाऱ्या संस्थेतही गादी, ऑक्सिजन आणि भेटीचा खर्च कोणाच्या माथी, हे आधीच विचारून घ्यावे. अमेरिकेत रुग्ण गेल्यानंतर कुटुंबीयांचे मत ठरावीक प्रश्नावलीने घेऊन हॉस्पिसनिहाय प्रसिद्ध करतात. भारतात असे सार्वजनिक तुलनापत्रक नाही. त्यामुळे इथे खरी माहिती मिळते ती त्या सेवेचा अनुभव घेतलेल्या कुटुंबाकडून. त्यांना ‘सेवा चांगली होती का’ असे विचारल्यास उत्तर भिडेखातर ‘हो’ येते. शेवटचे तीन दिवस कसे गेले, असे विचारावे.

नाशिकला मृत्यूनंतरच्या विधींची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चोख आहे. रामकुंडावर अस्थी घेऊन लोक दूरदुरून येतात. मृत्यूआधीच्या आठवड्यांची व्यवस्था मात्र अजून त्या मानाने तोकडी आहे, आणि घरी मृत्यू आला की कुटुंब पहिल्यांदा अडते ते कागदाशी. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना ४ अ मध्ये डॉक्टरांनी द्यायचा असतो आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. हा दाखला कोण देणार हे सेवेने आधीच ठरवून ठेवलेले असले, तर पहाटे चारला दारोदार डॉक्टर शोधावा लागत नाही. चांगल्या संस्थेची परिचारिका तेराव्यानंतर एकदा घरी येते. मागे राहिलेल्या पत्नीला झोप लागते का, मुले शाळेत जातात का, कर्ज किती राहिले, हे विचारते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत नेते आणि नोंदवहीत लिहिते.