दुखऱ्या खांद्याची नस आणि दिल्लीतील एक शोध

पक्षाघाताच्या झटक्यानंतर अनेक रुग्णांचा खांदा दुखू लागतो. सांध्याला धरून ठेवणारे स्नायू सैलावतात, दंडाचे हाड खोबणीतून किंचित खाली उतरते आणि हात हलवणे असह्य होते. दुखते म्हणून व्यायाम होत नाही आणि व्यायाम होत नाही म्हणून हात परत येण्याची उरलीसुरली शक्यताही मावळते. अशा खांद्याच्या नसेला बारीक तारेतून सौम्य वीज देण्याची पद्धत, म्हणजे परिघीय चेता उद्दीपन, बातम्यांत येते ती बहुधा अमेरिकेतील नवे उपकरण म्हणून. स्नायूची वेदना नेमकी कोणत्या तंतूंतून वाहते, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याच्या इतिहासात दिल्लीच्या एका शास्त्रज्ञाचे नाव आहे.

1938 साली लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी स्वतःच्या व स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र मिठाचे पाणी टोचून पाहिले. वेदना झाली, पण अनेकदा ती टोचल्या जागेपासून दूर कुठेतरी जाणवली. हा संदेश कोणते तंतू नेतात हे माणसावरील प्रयोगातून कळणे शक्य नव्हते.

त्या प्रश्नाला हात घातला अवतारसिंग पेंटल यांनी. त्यांचा जन्म 1925 साली ब्रह्मदेशातील मोगोक येथे झाला, वैद्यकीय शिक्षण लखनौला आणि संशोधनाचे शिक्षण एडिनबरोला. नव्याने उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ते शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. नस चिरत चिरत एकाच तंतूचे संदेश नोंदवण्याच्या कामात त्यांचा हातखंडा होता. जाड तंतूंचे संदेश ठळक उमटतात, बारीक तंतूंचे क्षीण असतात आणि गोंगाटात हरवतात. म्हणूनच बहुतेक संशोधक जाड तंतूंपाशी थांबत. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात पेंटल यांनी मांजराच्या स्नायूंतील तिसऱ्या गटाचे, म्हणजे सुमारे 1 ते 6 मायक्रोमीटर जाडीचे तंतू तपासले. त्यांतील बहुसंख्य तंतू स्नायू जोराने दाबला की उत्तर देत. केलग्रेन यांच्या प्रयोगातले खारट पाणी टोचले तरीही ते चेतत. पेंटल यांनी त्यांना दाब-वेदना ग्राही म्हटले. आज त्यांचे नाव घेतले जाते ते फुप्फुसातील 'जे' ग्राहींसाठी; स्नायूंवरचे हे काम विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत क्वचितच डोकावते. तसे व्हायला नको होते.

पाच वर्षांनी, 1965 मध्ये, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी द्वारनियंत्रणाची कल्पना मांडली: मज्जारज्जूच्या मागील भागात वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते, बारीक तंतू ते उघडतात आणि स्पर्शाचे जाड तंतू ते लोटून घेतात. लागलेल्या जागी आपण हात चोळतो त्याचे हे उत्तर होते. कल्पनेचे बारकावे पुढे बरेच बदलले, काही भाग टिकलाही नाही. पण कल्पना खरी असेल तर जाड तंतूंना वीज देऊन वेदना थांबली पाहिजे. वॉल यांनी बोस्टनचे मज्जाशल्यचिकित्सक विल्यम स्वीट यांच्यासह ते करून पाहिले, आधी स्वतःच्या चेहऱ्याच्या नसेवर आणि मग जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांवर. दोन पानांचा तो निबंध 1967 च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि परिघीय उद्दीपनाचा आधुनिक इतिहास तेथून मोजला जातो.

खांद्यापर्यंत पोहोचायला आणखी तीन दशके लागली. क्लीव्हलँडचे जॉन चे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतरच्या दुखऱ्या खांद्याच्या चार स्नायूंत बारीक तारा बसवल्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 61 रुग्ण होते. निम्म्यांना रोज 6 तास याप्रमाणे 6 आठवडे वीज दिली, उरलेल्यांना झोळीचा आधार. विजेच्या गटात वेदना अधिक उतरली आणि तारा काढल्यानंतरही बराच काळ तो फरक राहिला. सुरुवातीला अपेक्षा अशी होती की आकुंचन पावणारे स्नायू उतरलेला सांधा वर उचलतील. पुढे भर सरकला तो मज्जासंस्थेकडे: दीर्घकाळ वेदनेत राहून अतिसंवेदनशील झालेल्या वाटांना स्नायूंकडून पुन्हा नेहमीचे संदेश मिळू लागतात, हा आजचा एक प्रमुख तर्क आहे. चाचणी लहान होती आणि झोळीशी केलेल्या तुलनेत रुग्णांना आपल्याला काय मिळते आहे हे उघड दिसत होते, हेही विसरता येत नाही.

2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरावीक काळ ठेवून काढून टाकता येईल अशा तारेच्या उपकरणाला परवानगी दिली. वीज किती द्यायची हे यंत्र ठरवत नाही. जाड तंतू थोड्या विजेने जागे होतात, बारीक तंतूंना जास्त लागते. म्हणून वीज हळूहळू वाढवत नेतात. हवी ती सुखद मुंग्यांची जाणीव किंवा स्नायूचे हलके आकुंचन दिसले आणि अजून दुखत नाही, असे रुग्णाने सांगितले की तिथेच थांबतात.